नळीचा अंक

प्रणाली चौगुलेला कुणी कसलाही आकडा सांगितला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नमुना ढवळला होता का?"

सवयच तशी. गेली सात वर्षं ती गावच्या दूध संकलन केंद्रात फॅट काढायच्या, म्हणजे दुधातली चरबी मोजायच्या टेबलावर बसत होती. सकाळी सहापासून माणसं किटल्या, कॅन घेऊन रांगेत उभी. दूध न ढवळता वरचं वरचं नमुन्याला पुढं करायचं, म्हणजे साय वर आलेली असते आणि फॅट जास्त लागतो, ही चलाखी तिच्यापुढं कितीजणांनी करून बघितली होती. एकाचीही चालली नाही. "काका, ढवळा आधी, तळापासनं," एवढंच ती म्हणायची आणि मागची रांग हसायची.

त्यामुळे त्या सोमवारी डॉक्टर इनामदारांनी तिला समोर बसवून, "बाळाचा वेधांक एकतीस आलाय. म्हणजे क श्रेणी," असं हळू आवाजात सांगितलं, तेव्हा रडायच्या आधी तिच्या तोंडून तेच निघालं.

"नमुना कसा घेतला?"

डॉक्टर नाझनीन इनामदार त्या नवजात केंद्राच्या प्रमुख. पन्नाशीच्या, आवाज मऊ, पाय कायम सुजलेले. अशी बातमी सांगताना समोरची बाई काय काय करते ते सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. हे नवीन होतं.

"यात नमुना नसतो गं. टोपी असते."

टोपीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाळ पोटात असतं तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांत आईची वार एक मोठं काम उरकत असते. आईच्या रक्तातली काही ठरावीक स्निग्धाम्लं वेचायची आणि बाळाकडं धाडायची. त्यातली दोन मुख्य, डीएचए आणि एआरए. मेंदूच्या पेशींची आवरणं आणि डोळ्याचा पडदा यांच्या बांधकामाला ती लागतात. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाहेर आलं, तर हा पुरवठा मध्येच तुटतो. मग ती चरबी बाहेरून द्यायची. आईच्या दुधातून मिळेल तेवढी, आणि ते पुरत नसेल तर डब्याच्या दुधात थेंब मिसळून. या थेंबांनी पोरं पुढं खरंच हुशार निघतात का, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी तीस-चाळीस वर्षं वाद घातला. एक चाचणी म्हणे फायदा आहे, दुसरी म्हणे काडीचा नाही, आणि सगळ्या एकत्र मांडून बघाव्यात तर ठाम असं काही हाताला लागत नव्हतं.

मग 'वेध' आला. मऊ रबराची, मोसंब्याएवढ्या डोक्यावर बसणारी टोपी. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघतो, कोवळ्या कवटीतून आत जातो आणि परत येताना मेंदूत कुठं किती चरबी बसली त्याची खबर घेऊन येतो. अशी तीन मापं घेतात, आणि दर मापाला हे मूल सातव्या वर्षी कसं बोलेल, कसं शिकेल, ते यंत्र शंभरातल्या एका आकड्यात सांगून मोकळं होतं. तो वेधांक. चाळीसच्या खाली आला की क श्रेणी, कागदावरचा शब्द 'अप्रतिसादी'. म्हणजे या मेंदूला थेंब लागू पडत नाहीत. प्रत्येक बाळाचे थेंब वेगळे बनवावे लागत आणि ते कधीच पुरत नसत. मग अप्रतिसादी बाळाचे बंद करून दुसऱ्याला द्यायचे, असा थेंब पुरवणाऱ्या सरकारी योजनेचा नियम. आणि तिसऱ्या मापानंतर, आईवडिलांची सही घेऊन, तो अंक बाळाच्या आरोग्यपत्रिकेत कायमचा. बालवाडीवाले, शाळावाले, विमावाले, जो तो आधी तोच बघणार.

"हे दुसरं माप होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तिसरं वीस तारखेला. सतरा दिवस आहेत अजून. तोवर थेंब चालू राहतील. पण खरं सांगू का, दुसऱ्याचं तिसऱ्यात फारसं बदलत नाही."

"आणि बदललं नाही तर?"

"तर थेंब बंद. आणि नोंद कायम."

प्रणाली उठली. दारापर्यंत गेली आणि मग भिंतीला धरून रडली. मनसोक्त रडली. रक्तदाब वाढल्यानं तिचं बाळंतपण आधी करावं लागलं होतं, चार दिवस ती स्वतःच अतिदक्षता विभागात होती, आणि त्या सगळ्यात दूध आलं ते दिवसाला जेमतेम तीन चमचे. गावभरच्या दुधाचा फॅट काढणारी बाई, आणि तिच्या पोरीला दूध डब्याचं. हे तिला आधीच जिव्हारी लागलेलं होतं. आता हे.

रणजित बाहेर बाकावर बसला होता. तिचा नवरा, तालुक्याच्या शाळेत पहिलीचा शिक्षक. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"किती?"

"एकतीस."

तो बुटांकडं बघत राहिला.

"अरे, काहीतरी बोल की!"

"काय बोलू? माझ्या शाळेत क ची पोरं मागच्या खोलीत बसतात, प्रणाली. वरून आदेशच तसा आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी पत्रिका बघून मीच बसवतो त्यांना."

"मग?"

"मग काय. मला ठाऊक आहे पुढं काय होतं त्यांचं. आपण मनाची तयारी करायला लागू."

"तू कर तयारी," ती म्हणाली. "मला वेळ नाही."

त्या दिवसापासून रणजित आत यायचा कमी झाला. आधी तो रोज शाळा सुटली की यायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा, शर्टाची बटणं सोडून पोरीला उघड्या छातीवर घेऊन तासभर बसायचा. लोंढे सिस्टर त्याला चिडवायच्या, "सर, आता पाळणाघरच काढा तुम्ही." आता तो काचेबाहेरून बघायचा. म्हणे सर्दी झालीय, उगीच बाळाला नको. प्रणालीला त्याचं नाक एकदाही वाहताना दिसलं नाही.

ती मात्र चिकटून बसली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, पोरगी छातीवर, वर चादर, आणि शेजारी पंप. बाळ एवढं लहान की चोखून गिळायचं त्याला अजून कळत नव्हतं. तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घातलेली. नळीचं दुसरं टोक दुधाच्या सिरिंजला, सिरिंज पंपात आडवी ठेवलेली. पंप ती इतक्या सावकाश दाबायचा की बारा मिली दूध जायला दोन तास लागायचे. किलोभराच्या आसपासच्या सगळ्या बाळांना असंच, पोटाला सोसावं म्हणून. त्यांच्यापेक्षा मोठ्या बाळांना सिस्टर हातानं द्यायच्या. सिरिंज उभी धरायची, दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं, वीस मिनिटांत काम खलास.

दिवसभर दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून प्रणाली सिरिंज बघायची. बुधवारी दुपारी तिला ती दिसली. आडव्या सिरिंजच्या आत, वरच्या अंगाला, टोकापासून टोकापर्यंत पिवळसर रेघ. दोन तासांनी दूध संपलं तरी रेघ तिथंच.

"सिस्टर, ही फेकू नका. मला द्या जरा."

लोंढे सिस्टरनी काढलेली सिरिंज आणि नळी तिच्या हातावर ठेवली. प्रणालीनं नळीचं टोक दोन बोटांत चोळलं. बोटं बुळबुळीत झाली. तिनं वास घेतला, मासळीच्या तेलासारखा.

"सिस्टर, थेंब कधी घालता दुधात?"

"अगदी शेवटी. सिरिंज भरली की वरनं. प्रत्येकाचे वेगळे ना."

"आणि मग ढवळता?"

सिस्टर हसायला लागल्या. "अगं, ही काय ताकाची रवी आहे का? एकदा हलवतो सिरिंज. पुढचं पंप बघतो."

"पंप काय बघतो? पंप आडवा पडून असतो! दोन तास दूध आडवं राहिलं तर तेल कुठं जाईल, सिस्टर? वर जाईल. वर गेलं की भिंतीला लागेल. पोरीच्या पोटात काय जातंय मग?"

सिस्टर हसायच्या थांबल्या. चोवीस वर्षं नोकरी झालेली बाई. त्यांनी नळी स्वतःच्या बोटांत चोळून बघितली, मग कोपऱ्यातल्या संगणकापाशी गेल्या आणि श्रेणींची यादी उघडली. बोट लावत एकेक खाट मोजली. केंद्रात त्या दिवशी अठ्ठावीस बाळं होती. क श्रेणीत अकरा. अकराच्या अकरा पंपावरची.

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला शिकवलंय, लहान बाळं प्रतिसाद कमी देतात. यंत्रच तसं म्हणतं."

"यंत्राला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लोंढे सिस्टरनी एक काम केलं, जे कुठल्याच नियमावलीत बसत नव्हतं. फेकून द्यायचं उरलेलं मिश्रण घेतलं, त्यात थेंब घातले, हलवलं. अर्धं एका निर्जंतुक बाटलीत ओतलं. अर्धं नव्या सिरिंजमध्ये भरून, नवी नळी जोडून पंपावर चढवलं, आणि नळीचं टोक बाळाच्या ऐवजी दुसऱ्या बाटलीत सोडलं. दोन तासांनी दोन्ही बाटल्या बुचं लावून प्रणालीच्या पिशवीत.

"मी काही दिलेलं नाही हं तुला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कोण? मी ओळखत पण नाही तुम्हाला," प्रणाली म्हणाली.

रणजितनं गाडीवरून नेलं तिला गावाकडं. चाळीस मिनिटांचा रस्ता. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला, "आणि काही निघालं नाही, तर हे थांबवशील?" तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

संकलन केंद्रात तिच्या जागी दत्तूमामा बसले होते. निवृत्त झालेले, तिला काम शिकवणारे, तिची रजा आहे म्हणून परत आलेले. प्रणाली त्यांना नमस्कार न करता सरळ यंत्रापाशी गेली आणि पहिली बाटली लावली. दोन पूर्णांक दोन. दुसरी लावली. दोन पूर्णांक एक.

ती आकड्यांकडं बघत राहिली. रणजितनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ना समाधान? चल आता."

म्हणजे नळी निर्दोष होती. म्हणजे टोपी खरं बोलत होती, आणि जे काही उणं होतं ते पोरीतच. हा विचार तिच्या डोक्यात पूर्ण झालासुद्धा नव्हता, तेवढ्यात मागून दत्तूमामा खेकसले.

"काय गं ए! सात वर्षं काय गवत उपटलंस व्हय हितं? दवाखान्यातल्या गारठ्यातनं आणलंस, गाडीवर वारं खाऊन गार केलंस, आणि तसंच लावतेस? नमुना ऊन केलास का? पालथा-उलथा केलास का?"

प्रणालीनं कपाळावर हात मारून घेतला. हजार माणसांना ती जे सांगत आली, तेच ती स्वतः विसरली होती. गार नमुन्यात चरबी भिंतीला धरून बसते. पहिल्या बाटलीतलं थेंबांचं तेल सगळं काचेलाच होतं, आणि यंत्रात गेलं होतं ते खालचं पाणचट दूध. चूक तीच, पंपाची. फक्त या वेळी ती तिनं केली होती.

मामांनी गरम पाण्याचं भांडं पुढं सरकवलं. बाटल्या चाळीस अंशापर्यंत ऊन केल्या. दहा वेळा सावकाश पालथ्या-उलथ्या, फेस न येऊ देता. मग पुन्हा.

नळीत जायच्या आधीचं दूध, तीन पूर्णांक आठ. नळीतून आलेलं, दोन पूर्णांक एक.

तिनं तीन-तीनदा लावलं. आकडा हलला नाही.

"हे बघ," ती रणजितला म्हणाली. "निम्मं जवळजवळ. माझ्या पोरीला मिळालंच नाही रे. आणि जे मिळालं नाही ते हिला लागू पडत नाही म्हणून लिहून ठेवलंय त्यांनी!"

रणजितनं आकडे दोनदा वाचले. मग तो बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.

डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं. नळी चोळून बघितली. नंतर त्यांनी टोपी, थेंब आणि नळ्या पुरवणाऱ्या कंपनीला पडद्यावर बोलावलं, आणि प्रणालीला म्हणाल्या, "बस इथंच. तूच सांग."

पडद्यावर एक गुळगुळीत माणूस आला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि हसून म्हणाला, "मॅडम, तुमची भावना आम्ही समजू शकतो, पण तुम्ही आम्हाला म्हशीच्या दुधाचं यंत्र दाखवताय."

"म्हशीच्या नव्हे, यंत्र गाईच्या दुधाच्या पट्टीवर लावलं होतं," प्रणाली म्हणाली. "आणि पट्टी कुठलीही असू दे की. दोन्ही बाटल्यांना एकच लावली ना? मग फरक कुठनं आला?"

"नळीची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत झालेली आहे, ताई."

"कशानं केली?"

"म्हणजे?"

"नुसत्या डब्याच्या दुधानं केली, का वरनं थेंब घातलेल्या? डब्याचं दूध कारखान्यात घुसळून एकजीव केलेलं असतं. त्यातली चरबी सहजी वर येत नाही. तुमचे थेंब वरनं पडतात, ते सुटे. थेंब घालून, पंप आडवा ठेवून, दोन तास, अशी चाचणी केली का?"

मग तो माणूस म्हणाला की हे तपासून कळवावं लागेल, साधारण तीन महिने.

"वीस तारखेला पोरीची नोंद कायम होणार, आणि तुम्ही तीन महिन्यांनी कळवणार? वा रे वा!"

डॉक्टरांनी पडदा बंद केला.

"आठ वर्षं मी या टोपीवर सह्या करतेय," त्या म्हणाल्या. "लहान बाळांना लागू पडत नाही, असं यंत्र म्हणायचं, आणि यंत्राला ते आम्हीच शिकवलेलं होतं. पंपावरच्या बाळांची मापं देऊन." त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि दार उघडून हाक मारली, "सिस्टर! सगळे पंप बंद. आजपासून अकराही बाळांना हातानं. जबाबदारी माझी."

बोलायला सोपं. अकरा बाळं, दर दोन तासांनी, प्रत्येकाला वीस मिनिटं. एवढे हात आणायचे कुठून? मग अकरा आयांनाच उभं केलं. सिरिंज उभी धरायची, मध्ये मध्ये हलकी फिरवायची, दूध आपोआप उतरू द्यायचं, बाळाचा रंग बघायचा, पोट बघायचं. प्रणाली सगळ्यांना दरडावायची, "हात खाली आला तुझा! उभी धर. तेल वर यायच्या आत गेलं पाहिजे." एका बाळाला एवढ्या लवकर दूध सोसेना, ते ओकायला लागलं. त्याचा पंप परत लावला, पण सिरिंजचं तोंड वर करून, म्हणजे वर आलेलं तेल आधी नळीत शिरेल. बायकांचे दंड भरून यायचे. कुणी हू की चू केलं नाही.

वीस तारखेला टोपी पुन्हा चढली.

प्रणाली खोलीबाहेरच थांबली होती. रणजित आत होता. तोच धावत बाहेर आला, डोळ्यांत पाणी, हातात फोन.

"चौऱ्याहत्तर! प्रणाली, चौऱ्याहत्तर! अ श्रेणी! दहा बाळं वर आलीत, अकरावंही येणार म्हणे. आईला सांगितलं मी, ती पेढे आणायला निघाली."

आणि तो परत आत पळाला. काचेतून तिला दिसलं, त्यानं हात कोपरापर्यंत धुतले, बटणं सोडली, पोरीला छातीवर घेतलं आणि तिच्या डोक्याला ओठ टेकवले. सतरा दिवसांत पहिल्यांदा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, पण त्याच्या वर काहीतरी साचून आलं होतं.

ती आत गेली. डॉक्टरांनी टॅब्लेटची पाटी पुढं केली. अंक पत्रिकेत कायम करायला आईवडिलांची सही लागे.

"इथं अंगठा ठेव, म्हणजे अ श्रेणी पक्की. घरी गेल्यावर सहा महिने थेंब फुकट. शाळेत पहिल्या तुकडीत जागा."

"मॅडम, एक विचारू? सतरा दिवसांत माझी पोरगी बदलली का?"

"म्हणजे?"

"पोरगी तीच. डोकं तेच. बदललं काय? नळी आडवीची उभी झाली. जो आकडा नळी उभी केली की एकतीसचा चौऱ्याहत्तर होतो, तो माझ्या पोरीचा आहे का नळीचा? नळीच्या नावावर लावा तो. नळीची पत्रिका काढा आणि नळीला घाला अ श्रेणीत."

लोंढे सिस्टरना हसू फुटलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

"प्रणाली, नोंद केली नाहीस तर योजनेतनं बाहेर पडेल ती. थेंब मिळणार नाहीत पुढं."

"थेंबांनी ती पुढं हुशार होईलच, असं सांगता तुम्ही? छातीवर हात ठेवून?"

डॉक्टरांनी पाटी खाली घेतली. "नाही. तिच्या वाट्याचं तिला मिळालं पाहिजे, एवढं सांगते. पुढचं मला ठाऊक नाही. कुणालाच नाही."

"मग आकडा कुणाच्या जिवावर बोलतो? दुधाचा फॅट मोजा, रोज मोजा, माझी ना नाही. नळी मोजा, पंप मोजा. दहा पोरांची मापं लावून कंपनीच्या डोळ्यांत अंजन घाला, त्यात माझ्या पोरीचंही माप घ्या, खुशाल घ्या. पण तिच्या नावापुढं आकडा लिहायचा नाही. एकतीस नाही आणि चौऱ्याहत्तरही नाही."

"अगं खुळी आहेस का तू?" रणजित पोरीला धरून उठला. "एवढं झगडून मिळवलंस, आणि आता लाथ मारतेस?"

ती त्याच्याकडं वळली. आवाज तिनं चढवला नाही, पोरगी झोपली होती.

"मी दूध मिळावं म्हणून झगडले. तू सांग. एकतीस होता तेव्हा तू हिला उचललं नाहीस. चौऱ्याहत्तर झाला, उचललंस. उद्या बालवाडीत पन्नास मार्क आले तर काय, अर्धी उचलणार?"

रणजितनं खाली बघितलं. पोरीनं त्याच्या छातीवरचे केस मुठीत धरले होते, नखाएवढ्या मुठीत. तो परत खुर्चीत बसला.

"सर्दी नव्हती मला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"भीती वाटली गं. जीव लागला आणि मग मागच्या खोलीत बसवायची वेळ आली, तर."

"तर बसवायची नाही," प्रणाली म्हणाली.

डॉक्टर पाटी धरून उभ्या होत्या, सिस्टर उगीचच चादर नीट करत होत्या. शेवटी रणजित बोलला, कुणाकडंही न बघता.

"माझ्या वर्गात क ची नऊ पोरं आहेत. सगळी कमी दिवसांची, मी पत्रिका वाचल्यात. सगळी पंपावरचीच असणार. त्यांच्या नळ्या कुणी बघितल्या होत्या?"

सिस्टरचे चादरीवरचे हात थांबले.

"उद्या पुढं आणून बसवतो सगळ्यांना," तो म्हणाला. "वरनं विचारलं तर बघू."

तेवढ्यात दोन वाजले. दुधाची वेळ. प्रणालीनं सिरिंज भरली, थेंब घातले, हलवली आणि सवयीनं हात वर करणार, तोच रणजितनं हात पुढं केला.

"दे इकडं."

"जमेल? वीस मिनिटं हात खाली येता कामा नये."

"दे की."

त्यानं एका हातानं पोरीला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं सिरिंज उभी केली, आणि दूध हळूहळू उतरायला लागलं. दहा मिनिटांत त्याचा दंड थरथरायला लागला. प्रणालीनं ते बघितलं आणि मुद्दाम मदत केली नाही. डॉक्टरांनी पाटी बंद केली, बगलेत मारली आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. सिरिंज रिकामी झाली तेव्हा प्रणालीनं ती उजेडात धरून बघितली. भिंतीला काही नव्हतं.

लोंढे सिस्टर नोंदवही घेऊन आल्या. वेळ लिहिली, चौदा मिली लिहिलं, आणि पुढच्या रकान्यावर पेन थांबलं.

"इथं श्रेणी लिहायची असते," त्या म्हणाल्या. "रकाना मोकळा सोडता येत नाही. काय लिहू?"

प्रणालीनं तोंड उघडलं, पण रणजित आधी बोलला.

"लिहा, सगळं प्याली."